एका दमात

गाणं शुक्रवारी येतं,
पण नॅशव्हिलमध्ये तेव्हा गुरुवारच असतो,
रात्रीचे अकरा.
पूर्वेकडच्या घड्याळांत बारा वाजले
की आमच्याकडे उद्या तासभर आधीच येऊन बसतो,
लग्नघरी लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा.
कुणाची अंघोळ झालेली नसते.

माझं काम श्वास कापायचं.
आईला फोनवर हे सांगितलं
तर म्हणाली, अरे शुभ बोल.
दोन ओळींच्या मध्ये गायिका हवा घेते,
ती पडद्यावर सुरवंटासारखी दिसते, बारीक, केसाळ.
मी सुरवंट निवडतो
आणि बोट दाबतो.

टॅन्सी ब्रॉइल्स, वय चोवीस, गाव स्पार्टा, टेनेसी.
गाणं तीन मिनिटं नऊ सेकंदांचं,
श्वास त्रेपन्न.
बावन्न मी काढले.
एका दमात गाते पोरगी, म्हणतील लोक.
म्हणोत.
तो दम माझ्या कचरापेटीत आहे.

गाणं बापावर.
आधी त्यात बाप बस चालवायचा,
शाळेची, पिवळी, अठ्ठावीस वर्षं.
शेवटच्या बाकाखाली पोरांनी चिकटवलेलं च्युइंगम
तो दर शुक्रवारी चमच्याने खरवडायचा.
चमचासुद्धा होता गाण्यात.
मग निर्माता, लेबलचे दोघे
आणि फोनवरची एक बाई, जिचं नाव कुणी सांगितलं नाही,
यांचं ठरलं : रेडिओवर बस चालत नाही.
टॅन्सी म्हणाली, चालायची की. पहाटे साडेपाचला.
सगळे हसले,
आणि ट्रक आला.
ट्रकमागून धूळ आली, नदी आली,
कधीही न पाळलेला कुत्रा आला.
चमचा गेला.

ती पुन्हा माइकसमोर उभी राहिली,
सात वेळा ट्रक म्हणाली,
सातही वेळा सुरात.
बोट ठेवायला जागा नाही.
फक्त ट्रकच्या आधीचा श्वास
बँकेत सही करताना घेतात तेवढाच.

रात्री मी एकटा होतो.
जुनी फाइल उघडली.
बसच्या आधी तिनं घेतलेला श्वास
पोटातला होता, किंचित अडखळलेला,
गारठलेलं इंजिन पहिल्या किल्लीला करतं तसा.
तो उचलला,
ट्रकच्या आधी ठेवला,
कडा घासल्या.
अर्ध्या सेकंदाहून कमी.
कुणाला विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय म्हणून?

आता अकरा वाजलेत.
गॅलॅटिन पाइकवरच्या लॉन्ड्रीत माझे टॉवेल फिरतायत,
शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा मोज्यांच्या जोड्या लावतोय.
हेडफोन घालतो.
एक मिनिट अकरा सेकंद.
आहे.
पहिल्या तासात चारशे बारा जणांनी ऐकलं,
त्यातले नऊ वेळा मीच.

सोमवारी ती स्टुडिओत आली,
आईनं केलेल्या मक्याच्या पावाचा डबा घेऊन.
बाबांनी ऐकलं का, मी विचारलं.
ऐकलं म्हणे. बसमध्येच, पोरं चढायच्या आधी,
दार उघडं टाकून.
ट्रकबद्दल अक्षर काढलं नाही त्यांनी.
एवढंच विचारलं,
मध्ये तुला सर्दी झाली होती का गं,
एका जागी तुझी छाती वाजली.

ती माझ्याकडे पाहत राहिली.
मी म्हटलं, माइक जुना आहे.
पाव अजून कोमट होता,
तुकडे तुकडे पडत होते त्याचे कीबोर्डवर.
ते पुसून
मी पुढचं गाणं उघडलं.
श्वास सत्तेचाळीस.