दोन बोटं सैल

तुम्ही विचारताय तिचा आवाज कसा होता.
मला काय ठाऊक?
छत्तीस वर्षं मी तो पाठीमागून ऐकला,
विंगेत, तोंडात टाचण्या धरून.

ही वही बघा. तारखा आहेत, आकडे आहेत.
एतेल्का सामोशी. सन सत्तावीस. कंबर अठ्ठावन्न.
नाज्मेझो रस्त्यावरचं थिएटर,
नाचणाऱ्या सोळा जणींतली चौदावी.
नायिकेचा घसा बसला त्या रात्री
नायिकेचा झगा हिच्या अंगावर चढवला,
छातीत ढगळ, पायांत लोळणारा.
चाळीस सेकंदांत पडतील तेवढे टाके घातले
आणि ती गेली.
परत आली तेव्हा सगळे उसवले होते
आणि बाहेर माणसं पायांनी जमीन बडवत होती.

मग कंबर एकसष्ट. मोठ्या भूमिका, गरम जेवण.
स्टेजचा झगा म्हणजे लांबून बघायची वस्तू.
तिसऱ्या सज्जात उभ्या फुकट्या विद्यार्थ्यालाही दिसला पाहिजे,
म्हणून मणी अंगठ्याएवढे, काचेचे.
शिवण जवळून पाहिलीत तर हसाल.

मग सिनेमावाले आले. ते सगळं जवळूनच बघतात.
पांढरा रंग दिव्यांखाली डोळ्यांत खुपतो म्हणाले,
तर मी तो झगा रात्रभर चहात बुडवला,
कपडे धुवायच्या घमेल्यात.
पडद्यावर बर्फासारखा दिसला.
कॅमेरा कमरेखाली उतरणार नाही हे कळल्यावर
हिने घरच्या लोकरी सपाता घातल्या.
वर राजकन्या, खाली सपाता.

गाणं आधीच तबकडीवर घेतलेलं,
नुसते ओठ हलवायचे होते.
ते काही तिला जमेना.
अकरा वेळा गायली, अकराही वेळा खऱ्या गळ्याने.
फार्काश नावाचा दिग्दर्शक डोकं धरून बसला:
‘बाई, आवाज नकोय.’
‘मग मान कशी हलणार?’

पंचेचाळीस, फेब्रुवारी. इथे एकच ओळ आहे.
कंबर त्रेपन्न.
दोघींचीही.
पान उलटा.

नंतर लॉरीतून गावोगाव. सहकारी शेतांची सभागृहं,
एक अकॉर्डियन, समोर बाकांवर
कोटही न काढता बसलेली माणसं.
अंगठ्याएवढे मणी मी उसवून ठेवले होते,
तिने परत लावायला लावले.

चोपन्न साली रंगीत फिल्म.
नवी मुलगी, युदित, बावीस वर्षांची,
गालांची हाडं अशी की दिवेवाल्याला कामच उरू नये.
गाता येत नव्हतं.
गळा एतेल्काचा घेतला. पाटीवर नाव नाही,
पाकिटात पैसे, तेही दोन हप्त्यांनी.
रेकॉर्डिंगच्या दिवशी मला म्हणाली, युदितचा झगा आण.
कंबर शहात्तर.
पाठीचे हुक हातभर लांब राहिले,
मी दोऱ्यांनी जाळी केली, वरून शाल टाकली.
म्हटलं, बाई, मायक्रोफोनला डोळे नसतात.
‘नसू देत,’ म्हणाली, ‘मला पाठ आहे.’

शेवटची नोंद त्रेसष्ट. वर्षअखेरीची रात्र, टीव्ही.
एक गाणं, तेही बसून.
शेजाऱ्यांच्या डब्यात ती
माझ्या तळहाताएवढी दिसली.
मी माप लिहिलं नाही. तारीख तेवढी टाकली.

तर आवाज.
वरचा सूर लागायच्या आधी तिची पाठ फुगायची,
इथे, फासळ्यांखाली, बरोबर दोन बोटं.
प्रत्येक झग्यात तेवढी जागा मी सोडत आले.
युदितच्या झग्यातही सोडली. हाताला सवय.
ती फिल्म अजून कुठे कुठे लागते म्हणतात.
बघा कधी. बागेतलं गाणं,
मुलगी वळते, तोंड उघडते, सूर वर जातो,
आणि पाठीवर, डाव्या बाजूला,
कापडाला एक चुणी पडते.
शिंप्याची चूक, असं वाटेल तुम्हाला.