त्रेसष्ट बाइट

वडगावात दुपारी खालच्या मजल्यावरचे माग थांबतात,
तेव्हा वरच्या खोलीत मी लॅपटॉप उघडतो.
प्लायवुडच्या दोन फळ्यांवर लोंढा आहे :
चार रूळ, पाण्याची टाकी, कॅसलरॉककडे वळणारी लाइन,
गिट्टीच्या जागी उद्यमबागेतल्या फाउंड्रीची वाळू.
काळी. ईरण्णा पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला,
"जळलं काय गा स्टेशन?"

तारेवर आज अकरा नोड जिवंत आहेत.
सॉफ्टवेअर हाक मारतं,
एकेकजण आपला क्रमांक सांगतो, हजेरीसारखा.
नववा उशिरा बोलतो.
त्याची डाख कच्ची आहे, मला माहीत आहे.

मग रकाना येतो : नाव.
मी लिहितो, लोंढा जंक्शन दक्षिण केबिन.
सेव्ह.
वाचून परत येतं ते
लोंढा जंक्शन दक्षिण केब.

रकान्यात त्रेसष्ट बाइट मावतात.
इंग्रजी अक्षराला एक. आपल्याला तीन.
कान्याला तीन, वेलांटीला तीन,
अनुस्वाराच्या टिंबालासुद्धा तीन.
ईरण्णा पाठीमागून वाकून बघतो.
एकतीस वर्षं त्यानं त्या केबिनचे खटके ओढले.
"अर्धी केलास की माझी केबिन."
जरा थांबून म्हणतो, कन्नडात घालून बघ.

तिथंही तीनच.

आम्ही दोघं गप्प.
खाली कुणीतरी बॉबिनं मोजतंय, मोठ्यानं, चुकत चुकत.
पाट्यांवरून या गावात काय काय झालं,
आणि इथं दोन्ही लिप्या
एकाच भावानं महाग.

शेवटी तोच म्हणाला,
"नाव कोण घेत होतं? सतरा म्हणायचो.
मिरजेचा माणूस असला तर सतरा,
हुबळीचा असला तर हदिनेळु.
गाडी जायची."
मी १७ लिहिलं.

आता घटना जोडायची.
बटणाच्या नोडमधून आकड्यांच्या आठ जोड्या उचलायच्या,
सांध्याच्या नोडमध्ये
'हे ऐकलं की वळ' तिथं डकवायच्या.
बटण सांध्याला हुकूम देत नाही.
ते तारेवर नुसतं सांगतं : असं असं झालं.
ज्याला त्या आठ जोड्या ठाऊक, तो हलतो.
बाकीचे ऐकून आपापल्या जागी राहतात.

तारेच्या दोन्ही टोकांना एकेक रोधक लावलाय,
नाहीतर निरोप टोकाला आपटून मागं येतो
आणि सगळे गोंधळतात.
हे मात्र ईरण्णाला लगेच कळलं.
घाटातून शिट्टी तशीच परत यायची म्हणे,
नव्या पोराला दोन गाड्या आल्यासारखं वाटायचं.

पण दुसरं त्याला पटेना.
"सांगितलं ते सांगितलं. ऐकलं कुणी, ते कसं कळायचं?
आमच्या रॉडात खडा अडकला
तर खांद्याला कळायचं."
त्यानं उजवा खांदा दाखवला.
डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे तो.

म्हणून सांध्याखाली एक चिमुकला स्विच,
त्याच्या वेगळ्या आठ जोड्या : पोचलो.
त्या ऐकणारा एक हिरवा दिवा.
मधे दोनदा लाइट गेली.
सेव्ह केलेलं नोडमध्ये राहिलं,
न केलेलं मी पुन्हा टाइप केलं, शिव्या देत.

बटण करंगळीच्या नखाएवढं.
ईरण्णा पाय रोवून उभा राहिला,
मूठ वळली, सोडली,
आणि एका बोटानं दाबलं.
टिर्र झालं. रूळ सरकला.
दिवा लागला नाही.

स्विच केसभर लांब बसलाय, म्हणत
मी स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकलो.
"थांब गा."
त्याचा तळवा फळीवर होता, पालथा.
"वळलाय. हाताला कळलं."

रात्री, तो गेल्यावर, स्क्रू पाव फेरा फिरवला.
दिवा लागला.
मग नवव्याला नवी डाख दिली.