उघाडी

पहिल्या सत्रात हाडं. दोनशे सहा.
वर्गातल्या सांगाड्याला डाव्या पायाची करंगळी नाही,
म्हणून आम्ही दोनशे तीन मोजतो
आणि परीक्षेत दोनशे सहा लिहितो.

मग काळीज आलं.
कोप्पीकर मॅडमनी ते टेबलावर ठेवलं, प्लास्टिकचं,
बिजागरीवर उघडणारं, आतून लाल-निळं.
"हृदय म्हणायचं. काळीज खाटकाकडे मिळतं,
ते लिव्हर."
वर्ग हसला. मी वहीत काळीज खोडलं.

चार कप्पे, चार झडपा.
झडप एकाच दिशेने उघडते.
तिला ना कोणी उघडत, ना कोणी लावत.
रक्त पुढे रेटतं तेव्हा उघडते,
मागे फिरू बघतं तेव्हा त्याच्याच भाराने मिटते.
उदाहरण कोण देईल?
ऐरोलीची समिधा म्हणाली, सोसायटीच्या पंपाचा व्हॉल्व्ह.
बरोबर, मॅडम म्हणाल्या.
मी हात वर केला नाही.

घणसोलीत, आता जिथे सेक्टरांना आकडे आहेत,
तिथे खारजमीन होती, खारजमिनीला बांध,
बांधात उघाडी:
सागाची एक फळी, वरून टांगलेली.
ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून खाडीत जायचं,
भरतीला खाडीच तिला लावून घ्यायची.
राखण आमच्या घराकडे.
राखण म्हणजे इतकंच, की पुनवेच्या उधाणात
दहा वर्षांच्या माझ्या बाबाने कंदील घेऊन जायचं
आणि अंधारात ऐकायचं,
फळी बसल्याचा धप्प आवाज आला का.

ते त्याच थंडीत आजारी पडले होते.
आधी घसा, मग गुडघे, मग घोटे,
सूज या सांध्यातून त्या सांध्यात, पाहुण्यासारखी.
आजीने निर्गुडीचा पाला बांधला. सूज गेली.
सगळ्यांना वाटलं, गेली.

स्टेथोस्कोप नवा होता. रविवारी घरी नेला.
आईला ऐकलं, भावाला ऐकलं, शेजारच्या बाळाला.
बाबांच्या छातीवर, डाव्या बाजूला, जरा खाली,
धप्प ऐकू आलं. पण साफ नाही.
धप्पच्या मागोमाग एक सरसर,
फटीतून पाणी परततं तशी.

मी काही बोलले नाही. पायाकडे बघितलं.
नडगीवर अंगठा दाबून धरला, शिकवलाय तसा,
आणि उचलला.
खड्डा तसाच राहिला.
ओहोटीच्या चिखलात पाऊल राहतं तसा,
मला माझा अंगठा त्यात दिसत होता.
मनात मोजत होते. बारा, तेरा.
"काय गो, काय मोजतेस?"

मग वही आणली. चित्र काढून दाखवलं.
हा कप्पा, ही झडप, हे मागे येणारं रक्त,
ते फुप्फुसात तुंबतं, मग पायात उतरतं.
बाबांनी पेन्सिल घेतली
आणि माझ्या झडपेला खालून दोन रेघा जोडल्या.
"दोऱ्या पायजेत. नायतर फळी उलटी फिरंल."
दोऱ्या खरंच असतात, बाबा.
पुस्तकात पुढच्या पानावर आहेत.
"म्हंजे माजी फळी कुजली."
डॉक्टर तपासतील, मग कळेल, मी म्हटलं.
"त्यांना काय कळतंय? आवाज तू ऐकलास ना?"

सोमवारी नेरुळला इको आहे. नंबर लावलाय.
तोवर मीठ कमी, मी सांगितलं. सुकट बंद.
ते बराच वेळ पायाकडे बघत राहिले.
"खारं पानी एकदा शेतात घुसलं
की तीन वर्सं भात नाय येत," म्हणाले,
"पन चौथ्या वर्सी येतो."

रात्री स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं.
जवळा भाजल्याचा वास आला.
मी उठले नाही.
उशीखाली स्टेथोस्कोप होता, थंडगार.
वही उघडून, खोडलेल्या शब्दावर बोट ठेवून
पडून राहिले.