बारा ग्रॅम

लष्करहून सकाळची पहिली बस,
मांडीवर शिसवी पेटी, पेटीत लाल मखमलीवर
निजलेली सरकारी पितळी वजनं,
दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंत
उतरत्या उंचीची, फोटोला उभ्या केलेल्या भावंडांसारखी.
मुरैना. अंबाह. पुढे टेम्पो. पुढे चालत.
मोहरीची शेतं संपतात तिथं जमीन एकदम खचते,
मातीचे भरके लागतात, मग वाळू,
मग चंबळ.

पिंपांचा पूल. गंजकी लोखंडी पिंपं,
वर फळ्या, फळ्यांवर पेंढा आणि माती.
जूनच्या मध्याला तो सोडून काठावर ओढतात,
दिवाळीच्या मागंपुढं पुन्हा जोडतात.
मधले महिने
समोर दिसणारं गाव
नव्वद मैल लांब जाऊन राहतं.

अल्याड मध्य प्रदेश, पल्याड उत्तर प्रदेश.
पल्याड गव्हाला भाव बरा, अल्याड वीज बरी,
सोयरीक दोन्हीकडे.
हद्द नेमकी कुठं, म्हणून पंचू केवटाला विचारलं
तर त्यानं वल्ह्यानं पाणी दाखवलं :
‘पर साल तो हियाँ हती, साब.’

मी लिहून घेतलं नाही.
माझं काम तागड्यांचं.
तसं मलाही कुणी ‘कुठले तुम्ही?’ विचारलं
की दोन उत्तरं असतात, दोन्ही थोडी कमी भरतात.
अंबाहच्या मंडीत मी दक्खिनी बाबू,
पुण्यात मावसभावाच्या पंगतीला
‘तुमचं मराठी जरा हिंदाळलंय, नाही?’
आणि पानात वाढलेली जिलबी
मी निमूट खातो.

मंगळवारचा बाजार. रामश्री बोरं विकत होती.
तागडीच्या एका पारड्यात अर्ध्या किलोच्या जागी दगड,
करडा, नदीनं घोटलेला, हातात धरावासा वाटणारा.
पल्याडचा, म्हणाली.
पूल सुटायच्या आदल्या दिवशी सासरी निघाले,
तेव्हा माहेरच्या घाटावरून ओच्यात घातला.

मी पेटी उघडली.
पाचशे ठेवले, पारडं हललं नाही.
दहा. मग दोन.
पाचशे बारा.

बाई, मी म्हटलं, दर अर्ध्या किलोला
तुझीच बारा ग्रॅम बोरं जातात. किती वर्षं?
तिनं हिशेब केला नाही.
पदर दातात धरून हसली :
‘मायके को बाँट है बाबू,
कम कैसे तौलेगो?’

नियमात दगडाला जागा नाही,
कमी भरो की जास्त.
मी पंचनामा केला : अप्रमाणित वजन, नग एक.
तिचा अंगठा घेतला. पंच म्हणून पंचू,
तो माझ्याकडे न बघता
सही करायला शिकलेला माणूस.
वर मान केली तोवर ती
ओंजळीनं बोरं विकू लागली होती.
ओंजळीला शिक्का मारायचा कायदा
अजून झालेला नाही.

पुढच्या मंगळवारी तिची जागा रिकामी.
पल्याड गेली, कुणी म्हणालं. भावाकडे.
त्याच आठवड्यात पूल सोडला.

वर्षभरानं जप्त मालाचा लिलाव झाला.
लोखंड गेलं, पितळ गेलं,
दगडावर कुणी बोली लावेना.
साहेब म्हणाले, टाकून द्या.
मी डब्याच्या पिशवीत टाकला.

आता निवृत्तीला अकरा वर्षं झाली.
तिकडं पक्का पूल होतोय म्हणे,
खांब दिसायला लागलेत.
दगड स्वयंपाकघरात असतो, सून त्यानं आलं ठेचते.
परवा त्याचा टवका उडाला,
नखाएवढा, केराबरोबर गेला.

आता किती भरेल कोण जाणे.
पेटी सरकारजमा झाली.
कदाचित
बरोबर पाचशे.