मागचे दिवे

गाडी जुनी, एक लाख ऐंशी हजार मैलांची.
डाकोटातला मार्च. आइनार गॅरेजच्या गार फरशीवर उताणा,
छातीवर हिच तोललेला.
बोल्ट गंजलेले. एक तर हटूनच बसला;
त्याला तेल पाजून दुपारभर वाट पाहिली.

मग वायरी: पिवळी डावीकडे, हिरवी उजवीकडे,
तपकिरी मागच्या दिव्यांना.
पांढरी अर्थिंगची; तिला रंग खरवडलेलं उघडं लोखंड लागतं,
नाहीतर ती बोलायची नाही.

ब्रेक दाबायला एक माणूस, मागे बघायला दुसरं.
हे काम सिग्रिडचं होतं:
"लागला. नाही, डावा. अरे, डावा म्हणते!"

आता त्यानं ट्रेलर जोडला,
ब्रेकवर फावडं टेकवलं,
मागे गेला.
दारापुढच्या बर्फाच्या ढिगावर
लाल उजेड,
दोन ठिकाणी.

"लागला," तो म्हणाला,
बराच मोठ्यानं.