वॉशिंग मशीनच्या मागे

मॉरीनने पिंजरा स्वयंपाकघरात ठेवला,
दार उघडलं, आणि ते गेलं.
मला दिसली नुसती एक राखाडी रेघ
शेवटाकडे नारिंगी ठिगळ लावलेली.
तेव्हापासून ते वॉशिंग मशीनच्या मागे आहे.

ग्रिम्सबीच्या गोदीत, माशांना धुरी देतात त्या शेडमागे
दोन हिवाळे काढलेत म्हणे त्याने.
डाव्या कानाला टोक नाही.
मॉरीन सांगून गेली:
डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका,
दूध तर मुळीच नको,
तुमचा अंगावरचा एखादा कपडा ठेवा जवळ.
मी केअर होमचा युनिफॉर्म ठेवला,
जंतुनाशकाचा, म्हाताऱ्यांच्या पावडरचा वास असलेला.
सकाळी तो बशीपासून हातभर लांब सरकवलेला.
बरोबर आहे. मलाही नाही आवडत.

मशीन फिरलं तर त्याचा जीव जाईल
म्हणून घरात कपडे धुतलेच नाहीत.
रात्रपाळी संपली की पिशवी घेऊन
फ्रीमन स्ट्रीटच्या लाँड्रीत बसायचं,
नाणी टाकायची, पेंगायचं.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
हे पाणीसुद्धा डोळे उघडे ठेवून पितं,
मी झोपले याची खात्री करून घेतल्यावर.
झोपेचं सोंग मला छान जमायला लागलंय.
अंधारात पडून जिभेचा लपलप आवाज मोजते.

बोलत राहा, असंही म्हणाली होती मॉरीन,
आवाजाची सवय होऊ द्या.
काय बोलणार?
पहिल्या दिवशी गॅसचं बिल वाचून दाखवलं.
मग कौन्सिलचं पत्र, कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा.
सगळं इंग्रजीत. मशीनमागे शांतता.
चौथ्या रात्री भांडी घासताना तोंडातून गेलं,
"अगं बाई, ही कढई काही आज निघायची नाही,"
आणि मागे काहीतरी हललं.

मग मी सुटलेच.
मिसेस होल्टबी मला वृंदाऐवजी ब्रेंडा म्हणते
आणि मीही हल्ली ओ देते, ते सांगितलं.
इथल्या वांग्यांना चव का नसते,
दिराने सह्यांचा कसा घोळ घातला,
घटस्फोटाचे कागद कुठल्या खणात आहेत.
बहिणीलाही बोलले नव्हते ते
एका बंद मशीनला सांगितलं, फडकं पिळत.

मांजर पिलांना सात घरं फिरवते.
मी माझी मोजली बोटांवर. परभणीपासून.
हे सहावं.

तेविसाव्या दिवशी कामावरून आले
तर मशीनमागे कुणीच नाही.
खिडक्या बंद. जिन्याखाली नाही,
सोफ्यामागे नाही, बॉयलरच्या कपाटात नाही.
पोटात गोळा आला.
ओणवी होऊन पलंगाखाली पाहिलं.

तिथे माझी बॅग, चेन अर्धी उघडी,
हँडलला अजून विमानतळाचा टॅग.
चार वर्षांत ती पुरती रिकामी केलेली नाही.
असू दे, लागली तर, असं म्हणत राहिले.
आत आईची इरकली, मेतकुटाची एक विटलेली पुडी,
आणि इरकलीच्या काठावर
नारिंगी ठिगळ, वर-खाली होणारं.

ती झोपली होती.

ती. मॉरीन पहिल्या दिवसापासून 'शी' म्हणत होती,
माझ्या तोंडात मात्र आत्ता आलं.

एक डोळा उघडला.
मी नजर बाजूला नेली, शिकवल्याप्रमाणे,
पापण्या सावकाश मिटल्या, सावकाश उघडल्या.
तिनेही तसंच केलं.
किंवा नुसती झोप आली असेल.

बूट न काढता तिथेच फरशीवर बसले.
छपरावर सीगल भांडत होते.
कुरिअरवाल्याने दोनदा बेल वाजवली, वाजू दिली.
पायाला मुंग्या आल्या.
मशीन आता मोकळं होतं, पिशवीत धुणं होतं,
लावता आलं असतं.
उद्या बघू.