शिध्याचा ताळा

विजेच्या बिलाच्या पाठीवर यादी केली.
माणसं सात, जेवणं तीन,
पहाटेचा चहा वेगळा धरायचा की नाही
यावर ठोक्यांशी फोनवर अर्धा तास.
(धरला.)
तांदूळ माणशी एक मूठ,
वर एक मूठ गडाची,
कारण चढून आलेला माणूस
घरच्या भुकेनं जेवत नाही.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी कोऱ्या नोटा मोजल्या.
एक कमी भरली तर दार उघडत नसे,
अख्खी पाळी उभी, जेवणाचे डबे उघडून.
तेव्हा मला मोजायला सांगू नका.
मी मोजतेच.

कांदे बारा.
मुगाची डाळ पाऊण किलो, सालाची.
काळा मसाला कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत,
तेल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत,
बाटली तीनदा धुतलेली, तरी रेहाना हुंगून बघणार.
भाकरी तिनं घरूनच आणायच्या, बाजरीच्या,
वाऱ्यात थापायचा हट्ट मागच्या वर्षी केला होता,
निम्मं पीठ पार कळवणला गेलं.
प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी:
पहिली रात्र. सकाळ. दुसरी रात्र.

हट्टीत उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं.
समोर धोडप,
आणि त्याची ती लांब भिंत,
मधोमध कुणीतरी घास तोडल्यासारखी.
"पाहा, आपल्या आधी कुणी जेवून गेलं,"
मंदाताई म्हणाल्या, आणि गुडघा धरून बसल्या.
त्यांच्या पाठीवरचे कांदे मी घेतले.
सहाच मोजले. बाकीचे निकमांकडे.

गुहेच्या तोंडाशी तीन दगड.
धूर आधी डोळ्यांत, मग केसांत,
मग कुठंच न जाता आमच्यातच बसून राहिला.
टाक्याचं पाणी फडक्यातून गाळलं,
फोडणी तडतडली,
डाळ-तांदूळ पडले, आधण आलं,
आणि मी हात पुढे केला:
मीठ.

पिशव्या उलट्या झाल्या.
पहिली रात्र. सकाळ. दुसरी रात्र.
गूळ होता, लवंगा होत्या, दात कोरायच्या काड्यासुद्धा.
कुणी काही बोललं नाही,
त्यांचं ते न बोलणं मी मोजलं, सहा.

मग ठोक्यांनी, जरा पाठ फिरवून,
खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा काढला.
तो कशासोबत खायला आणला होता
हे कुणी विचारलं नाही.
दाणे वाटीभर पाण्यात चोळले,
पाणी पातेल्यात.
रेहानानं लोणच्याचा खार निथळला.
निकमांनी चिवड्याच्या तळाचा चुरा.
खिचडी झाली. तिला नाव नव्हतं.
आंबटसर, मधेच कुरकुरीत,
आणि खरवडीसाठी भांडण.

एक पोरगा केव्हाचा कडेला बसला होता,
शेळ्या खाली, काठी मांडीवर. तुळशीराम.
त्यालाही वाढलं.
दोन घास खाऊन म्हणाला, "मीठ न्हाई का याच्यात?"
आणि चड्डीच्या खिशातून पुडी काढली,
बोरांसाठी ठेवलेली,
वहीच्या कागदात, पाढ्यांच्या.
"आधी का नाही बोललास रे?"
"तुम्ही मागितलंच न्हाई."

उरलेली दोन्ही जेवणं त्या पुडीवर निघाली.
माणसं आठ, मीठ त्याचं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
ते बिलाच्या पाठीवर कुठल्या रकान्यात लिहू?

रविवारी रात्री घर उघडलं.
ओट्यावर मिठाची पिशवी,
नीट बांधलेली, वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी:
तिन्ही वेळा.
म्हणूनच ती
कुठल्याच वेळेच्या पिशवीत गेली नव्हती.